कमांड लाइनच्या प्रॉम्प्टमध्ये आवृत्ती-नियंत्रणाची स्थिती : रचना, उपयोग आणि मर्यादा

सारांश :

संगणकाला अक्षरी आज्ञा देऊन काम करताना आज्ञा लिहिण्याच्या जागी जे छोटेसे चिन्ह उमटते, त्यास प्रॉम्प्ट असे म्हणतात. बहुतेक वापरकर्ते त्याकडे केवळ एक औपचारिक खूण म्हणून पाहतात. परंतु या खुणेच्या जागी आपण कोणत्या शाखेत काम करीत आहोत, कोणते काम अद्याप नोंदविलेले नाही, यांसारखी माहिती आणता येते. प्रस्तुत लेखात ‘गिट’ या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीची स्थिती ‘बॅश’ या शेलच्या प्रॉम्प्टमध्ये कशी दाखविता येते, त्यामागील कार्यतत्त्व कोणते आणि अशा प्रॉम्प्टवर कितपत विसंबावे, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : प्रॉम्प्ट, शेल, बॅश, आवृत्ती-नियंत्रण, गिट, शाखा, कमिट.

१. प्रस्तावना :

लेखन करणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाच्या संगणकात ‘प्रबंध अंतिम’, ‘प्रबंध अंतिम २’, ‘प्रबंध खरोखर अंतिम’ अशा नावांच्या फाइली आढळतात. एकाच लेखनाच्या अनेक अवस्था जपून ठेवण्याची आणि त्यांपैकी नेमकी कोणती अवस्था आपल्यासमोर आहे हे ओळखण्याची ही अडचण केवळ संगणकशास्त्राच्या अभ्यासकांची नाही. पाठचिकित्सा करणाऱ्या भाषाभ्यासकापासून आकडेवारीचे तक्ते पुनःपुन्हा दुरुस्त करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञापर्यंत सर्वांनाच तिला तोंड द्यावे लागते. आवृत्ती-नियंत्रण प्रणाली या अडचणीतून मार्ग काढण्यासाठीच निर्माण झाल्या. मात्र एक अडचण सोडविताना त्यांनी दुसरी निर्माण केली. या प्रणालीत एकाच फोल्डरमध्ये लेखनाच्या अनेक अवस्था एकाच वेळी नांदत असतात. पण फोल्डरकडे पाहून त्यांपैकी कोणती अवस्था समोर आहे हे सहसा कळत नाही.

या विषयाकडे वळण्यास प्रस्तुत लेखकाचा एक अनुभव कारणीभूत ठरला. महाविद्यालयातील एका आंतरविभागीय उपक्रमात व्यवसायबोलीतील शब्दांची सूची तयार केली जात होती. सूचीच्या फाइली गिटमध्ये ठेवल्या होत्या. दोन विद्यार्थिनींनी एका दुपारी सामाईक संगणकावर वहीतील नोंदी टंकलिखित केल्या. त्या जतन केल्या, परंतु गिटमध्ये नोंदविल्या नाहीत. संध्याकाळी प्रस्तुत लेखकाने त्याच संगणकावर आधीचा एक फसलेला प्रयोग पुसून टाकण्यासाठी ‘गिट रीसेट’ ही आज्ञा ‘हार्ड’ या पर्यायासह दिली. फोल्डरमध्ये न नोंदविलेले काहीही नाही, अशी समजूत होती. ती चुकीची होती. दुपारभराचे काम क्षणात नाहीसे झाले आणि ते परत मिळविण्याचा कोणताही मार्ग गिटमध्ये नव्हता. वह्या शिल्लक होत्या म्हणून नोंदी पुन्हा लिहिता आल्या. तथापि विद्यार्थिनींना त्याचे कारण समजावून सांगणे सुखावह नव्हते. त्या वेळी पडद्यावर आज्ञेच्या आधी केवळ ‘$’ ही खूण होती. तेथे आणखी एक तारांकन असते, तर ती आज्ञा दिली गेली नसती.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) प्रॉम्प्ट या संकल्पनेचा विकास थोडक्यात पाहणे.
२) आवृत्ती-नियंत्रणातील ‘न दिसणारी स्थिती’ म्हणजे काय, हे संगणकशास्त्रेतर वाचकांना समजेल अशा रीतीने स्पष्ट करणे.
३) गिटची स्थिती प्रॉम्प्टमध्ये आणण्याची रचना व तीतील चिन्हांचे वाचन समजावून देणे.
४) अशा प्रॉम्प्टच्या मर्यादा व त्याच्याशी निगडित सुरक्षिततेचे प्रश्न मांडणे.

लेखासाठी वर्णनात्मक व विवेचनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विवेचन मुख्यतः गिट व बॅश यांपुरते मर्यादित असून अन्य साधनांचा उल्लेख तुलनेपुरता केला आहे.

३. प्रॉम्प्टची पार्श्वभूमी :

पडदे येण्यापूर्वी संगणकाशी होणारा संवाद टेलिटाइप यंत्रावर, म्हणजे कागदावर, चालत असे. यंत्राने आपले उत्तर छापून संपविले की पुढे बोलण्याची पाळी माणसाची आहे, हे कळविणारी एखादी खूण आवश्यक होती. प्रॉम्प्टचा मूळ अर्थ एवढाच : ‘मी तयार आहे, आता तुमची आज्ञा सांगा.’ युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत १९७९ मध्ये स्टीफन बोर्न यांचा शेल आला. वापरकर्त्याची आज्ञा वाचून ती पार पाडणारा जो कार्यक्रम, त्यास शेल म्हणतात. या शेलमध्ये प्रॉम्प्टचा मजकूर ‘पीएस१’ नावाच्या चलामध्ये ठेवलेला असे आणि वापरकर्त्याला तो बदलता येत असे. सामान्य वापरकर्त्यासाठी ‘$’ आणि सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी ‘#’ हा संकेत तेव्हापासून रूढ आहे. या संकेतातच पुढील विकासाचे बीज आहे. ‘#’ ही खूण केवळ ‘मी तयार आहे’ असे सांगत नाही; ‘तुमच्या हाती सर्व अधिकार आहेत, जपून लिहा’ असेही ती सांगते.

ज्या अध्यापकांनी डॉस प्रणालीवर काम केले आहे, त्यांना याचे दुसरे उदाहरण आठवेल. डॉसच्या प्रॉम्प्टमध्ये मुळात ‘ए>’ असे केवळ ड्राइव्हचे अक्षर दिसत असे. १९८३ मध्ये डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत डिरेक्टरीमध्ये डिरेक्टरी ठेवण्याची सोय झाली आणि आपण नेमके कोठे आहोत हा प्रश्न उद्भवला. सर्व फाइली पुसण्याची आज्ञा कोणत्याही डिरेक्टरीत सारखीच लिहिली जाते. तिचा परिणाम मात्र आपण कोठे उभे आहोत यावर अवलंबून असतो. म्हणूनच ‘प्रॉम्प्ट $पी$जी’ ही ओळ संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत लिहून ठेवण्याची पद्धत पडली आणि ‘सी:\पत्रे>’ असा मार्ग सांगणारा प्रॉम्प्ट सर्वत्र दिसू लागला. आज्ञेचा परिणाम ज्या गोष्टीवर अवलंबून आहे, ती गोष्ट आज्ञेच्या शेजारीच दिसावी, हे तत्त्व येथे स्पष्ट होते. पुढे १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी जीएनयू प्रकल्पासाठी लिहिलेल्या बॅशने ‘पीएस१’ हीच यंत्रणा पुढे चालविली व तीत वापरकर्त्याचे नाव, यंत्राचे नाव, डिरेक्टरी इत्यादी दाखविण्यासाठी संक्षिप्त खुणांची भर घातली.

४. आवृत्ती-नियंत्रण आणि न दिसणारी स्थिती :

आवृत्ती-नियंत्रणाचा इतिहास १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी तयार केलेल्या प्रणालीपासून सांगितला जातो. गिट ही त्या परंपरेतील तुलनेने अलीकडची प्रणाली होय. लिनक्सच्या विकासकांना ‘बिटकीपर’ ही प्रणाली विनामूल्य वापरण्याची दिलेली सवलत २००५ मध्ये मागे घेण्यात आली. त्यानंतर लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच वर्षी एप्रिल महिन्यात गिट लिहिण्यास प्रारंभ केला.

गिटचे कार्य समजून घेण्यासाठी हिशेबाच्या वह्यांचे उदाहरण उपयुक्त ठरेल. दुकानातील व्यवहार प्रथम कच्च्या चिठ्ठीवर लिहिले जातात. त्यांपैकी कोणते आज कीर्दीत घ्यावयाचे ते वेगळे काढले जातात आणि शेवटी ते तारखेनिशी कीर्दीत चढविले जातात. गिटमध्येही कोणताही बदल तीन पायऱ्यांतून जातो. फाइलीत केलेला पण वेगळा न काढलेला बदल ही पहिली पायरी. पुढील नोंदीत घेण्यासाठी निवडलेला बदल ही दुसरी. तीस ‘स्टेज’ करणे म्हणतात. तारीख, कर्ता आणि कारण यांसह कायम नोंदविलेला बदल ही तिसरी. तीस ‘कमिट’ म्हणतात. कमिट झालेले काम सहसा परत मिळविता येते. स्टेज झालेले कामही प्रसंगी खटपटीने शोधून काढता येते. पहिल्या पायरीवर असलेले काम मात्र एकदा पुसले गेले की गिटच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नव्हते. प्रस्तावनेत वर्णिलेल्या प्रसंगी नेमके हेच घडले.

दुसरी संकल्पना शाखेची. एकाच ग्रंथाच्या हस्तलिखितांच्या निरनिराळ्या परंपरा असतात, हे मराठीच्या अभ्यासकांना सांगावयास नको. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्णत्वास नेली. दोन्ही कार्यांत वेगवेगळ्या पाठपरंपरा समोर ठेवून त्यांतून एक संहिता सिद्ध करण्यात आली. गिटमधील शाखा अशाच पाठपरंपरांसारख्या असतात. मूळ लेखन एका शाखेत सुरक्षित ठेवून दुसऱ्या शाखेत प्रयोग करावयाचा आणि प्रयोग यशस्वी झाला तर दोन्हींचे मीलन घडवून आणावयाचे, ही तिची कार्यपद्धती आहे. फरक एवढाच की, पोथ्या मेजावर वेगवेगळ्या मांडून ठेवता येतात. गिटच्या शाखा मात्र एकाच फोल्डरमध्ये एकीच्या जागी दुसरी अशा आलटून पालटून अवतरतात. फोल्डरचे नाव तेच, फाइलींची नावे बहुधा तीच. मजकूर मात्र वेगळा.

आपण कोणत्या शाखेत आहोत याची माहिती गिट ‘हेड’ नावाच्या एका लहानशा फाइलीत ठेवते. ही फाइल टिंबाने सुरू होणाऱ्या नावाच्या एका लपलेल्या उपफोल्डरमध्ये असते. अर्थात कमिटच्या आज्ञेचा परिणाम ज्या माहितीवर अवलंबून आहे, ती माहिती सर्वसामान्यपणे दृष्टीआड असते. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द सायकॉलॉजी ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ या ग्रंथात डोक्यात ठेवावे लागणारे ज्ञान आणि बाह्य जगात उपलब्ध असणारे ज्ञान असा भेद केला आहे. एकच कृती यंत्राच्या वेगवेगळ्या अवस्थांत वेगवेगळा परिणाम घडविते आणि अवस्था दिसत नाही, तेव्हा चूक होणे जवळजवळ अटळ असते. ही चूक अज्ञानातून घडतेच असे नाही. जाणकाराकडूनही ती घडते. ‘गिट स्टेटस’ ही आज्ञा सर्व माहिती देते, परंतु ती विचारावी लागते. आणि आपल्याला सर्व ठाऊक आहे अशी ज्याची खात्री असते, तो विचारीत नाही. म्हणून न विचारता मिळणारे उत्तर आवश्यक ठरते. प्रॉम्प्ट ही त्यासाठीची स्वाभाविक जागा आहे, कारण प्रत्येक आज्ञेपूर्वी तो समोर येतोच.

५. प्रॉम्प्टमध्ये स्थिती आणण्याची रचना :

गिटच्या मूळ संकेतासोबतच ‘गिट-प्रॉम्प्ट’ नावाची एक छोटी शेल-लिपी दिली जाते. तिचे लेखन मूलतः शॉन पीअर्स यांनी केले. या लिपीत एक फंक्शन असून त्याचे नाव दोन अधोरेखांनी सुरू होते व पुढे ‘गिट’ आणि ‘पीएस१’ हे शब्द येतात. रचना तीन टप्प्यांत पूर्ण होते. पहिल्या टप्प्यात वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीतील ‘बॅशआरसी’ या फाइलीत सदर लिपी वाचून घेण्याची ओळ लिहावी. दुसऱ्या टप्प्यात कोणकोणती माहिती हवी आहे, त्यानुसार काही चलांना मूल्ये द्यावीत. तिसऱ्या टप्प्यात ‘पीएस१’ च्या मजकुरात, डिरेक्टरीचे नाव दाखविणाऱ्या खुणेनंतर व शेवटच्या ‘$’ च्या आधी, उपरोक्त फंक्शनला हाक मारावी.

या फंक्शनचे कार्य रंजक आहे. प्रथम ते आपण गिटच्या ताब्यातील फोल्डरमध्ये आहोत का, हे पाहते. नसल्यास ते काहीच छापत नाही. त्यामुळे अन्यत्र प्रॉम्प्ट नेहमीसारखाच राहतो. असल्यास ते ‘हेड’ वरून शाखेचे नाव ओळखते व कंसात छापते. अधिक माहिती मागितली असल्यास ते फाइलींची तुलना करून न निवडलेले बदल आहेत का, हे तपासते. नंतर निवडलेले बदल शेवटच्या कमिटहून वेगळे आहेत का, हे पाहते. फरकांची यादी त्याला नको असते. केवळ ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर ते घेते. दूरस्थ भांडारातील शाखेशी तुलना करताना ते दोन्ही बाजूंच्या परस्परांत नसलेल्या कमिटांची मोजणी करते.

येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली चूक अवतरणचिन्हांची आहे. ‘पीएस१’ ला मजकूर देताना तो एकेरी अवतरणचिन्हांत द्यावा लागतो. दुहेरी चिन्हे वापरल्यास शेल त्या फंक्शनला ‘बॅशआरसी’ वाचतानाच, म्हणजे एकदाच, हाक मारतो आणि मिळालेले उत्तर कायमचे गोठवून ठेवतो. मग शाखा कितीही बदलल्या तरी प्रॉम्प्ट जुनेच नाव दाखवीत राहतो. असा प्रॉम्प्ट नसलेल्या प्रॉम्प्टहून अधिक घातक होय; कारण त्यावर विश्वास ठेवला जातो. दुसरी चूक रंगांची आहे. शाखेचे नाव रंगीत दाखविण्यासाठी वापरले जाणारे संकेत पडद्यावर जागा व्यापत नाहीत, हे बॅशला कळविण्यासाठी ते ‘\[’ आणि ‘\]’ या खुणांच्या मध्ये ठेवावे लागतात. तसे न केल्यास बॅशचे ओळीच्या लांबीचे गणित चुकते आणि लांब आज्ञा लिहिताना मजकूर पुढील ओळीवर न जाता त्याच ओळीवर, प्रॉम्प्टवरच, चढू लागतो.

विंडोजसाठीच्या गिटसोबत येणाऱ्या ‘गिट बॅश’ मध्ये शाखेचे नाव प्रॉम्प्टमध्ये आयतेच दिसते. अन्य चिन्हे मात्र मागवून घ्यावी लागतात. मॅकओएसमध्ये २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून ‘झेडशेल’ हा मूळ शेल असून त्यात ‘व्हीसीएस-इन्फो’ ही अंगभूत सोय आहे. ती गिटखेरीज मर्क्युरियल, सबव्हर्जन इत्यादी प्रणालींची स्थितीही दाखविते. पॉवरशेलसाठी ‘पॉश-गिट’ आणि अनेक शेलांत चालणारे ‘स्टारशिप’ ही साधनेही उपलब्ध आहेत. साधन कोणतेही असो, तत्त्व एकच आहे.

६. चिन्हांचे वाचन :

फंक्शनने छापलेल्या कंसातील प्रत्येक चिन्हाला निश्चित अर्थ असतो. महत्त्वाची चिन्हे पुढीलप्रमाणे होत.

* : फाइलींत बदल झाले आहेत, ते अद्याप निवडलेले नाहीत.
+ : निवडलेले बदल आहेत, कमिट व्हावयाचे आहे.
% : गिटला अपरिचित अशा नव्या फाइली फोल्डरमध्ये आहेत.
$ : ‘स्टॅश’ करून बाजूला ठेवलेले काम शिल्लक आहे.
> : आपली शाखा दूरस्थ शाखेच्या पुढे आहे.
< : आपली शाखा मागे आहे.
<> : दोन्हींकडे वेगवेगळे बदल झाले आहेत.
= : दोन्ही सारख्या आहेत.

समजा, पडद्यावर पुढील प्रॉम्प्ट दिसत आहे :

~/शब्दसूची (चाचणी *+>)$

त्याचे वाचन असे होईल : आपण ‘शब्दसूची’ या फोल्डरमध्ये, ‘चाचणी’ या शाखेत आहोत. काही बदल पुढील नोंदीसाठी निवडले आहेत, काही निवडलेले नाहीत, आणि आधी केलेली किमान एक कमिट दूरस्थ भांडारात अद्याप पाठविलेली नाही. एवढी माहिती तीन चिन्हांत सामावली आहे. येथे ‘हार्ड’ रीसेट केल्यास ‘*’ ने सूचित झालेले काम कायमचे जाईल. स्टॅशसाठीचे ‘$’ आणि प्रॉम्प्टच्या शेवटचे ‘$’ यांत नवख्याचा गोंधळ होण्याचा संभव असतो; कंसाच्या आतील चिन्ह गिटचे आणि बाहेरील शेलचे, हे लक्षात ठेवले म्हणजे तो टळतो.

काही वेळा कंसात शब्दही दिसतात. दोन शाखांचे मीलन अर्धवट राहिले असल्यास ‘मर्जिंग’, कमिटांची पुनर्रचना चालू असल्यास ‘रीबेस’ आणि त्यासोबत एकूण पायऱ्यांपैकी कितवी पायरी चालू आहे याचा आकडा उमटतो. कोणत्याही शाखेत नसताना, म्हणजे एखादी जुनी कमिट थेट उघडली असता, दुहेरी कंसात त्या कमिटची ओळख दिसते. ही अवस्था विशेष धोक्याची असते, कारण तेथे केलेल्या नव्या कमिटांना कोणत्याही शाखेचा आधार नसतो व दुसऱ्या शाखेत गेल्यावर त्या विस्मृतीत जातात. अध्यापनाच्या दृष्टीने पाहता, विद्यार्थ्याला या अवस्थांची व्याख्या पाठ करावयास लावण्यापेक्षा प्रत्येक आज्ञेनंतर कंसात काय बदलले ते पाहावयास सांगणे अधिक फलदायी ठरते. ‘ॲड’ ही आज्ञा देताच ‘*’ जाऊन ‘+’ येतो आणि कमिट करताच ‘+’ ही जातो, हे दोनदा पाहिले की तीन पायऱ्यांचा सिद्धान्त वेगळा सांगावा लागत नाही.

७. मर्यादा व सुरक्षितता :

प्रॉम्प्टची पहिली मर्यादा काळाची आहे. प्रॉम्प्ट हा आरसा नसून छायाचित्र आहे. मागील आज्ञा संपली त्या क्षणाची स्थिती तो दाखवितो. त्याच फोल्डरसाठी दुसरी खिडकी उघडून तेथे शाखा बदलली, तर पहिल्या खिडकीतील प्रॉम्प्टवर जुन्याच शाखेचे नाव राहते. परिणामकारक आज्ञा देण्यापूर्वी एकदा रिकामे ‘एंटर’ दाबून प्रॉम्प्ट ताजा करून घेण्याची सवय म्हणून इष्ट आहे. याहून सूक्ष्म बाब ‘=’ या चिन्हाची आहे. हे चिन्ह ‘आपले काम व सर्व्हरवरील काम आत्ता सारखे आहे’ असे सांगत नाही. गिटने शेवटी ‘फेच’ केले तेव्हा सर्व्हरवर जे होते, त्याची प्रत आपल्या संगणकात असते. तुलना त्या प्रतीशी होते. प्रॉम्प्ट स्वतः जालावर जाऊन काहीही विचारीत नाही. तीन दिवस फेच केले नसेल, तर ‘=’ हे तीन दिवसांपूर्वीचे सत्य असते.

दुसरी मर्यादा वेगाची आहे. ‘*’ दाखविण्यासाठी गिटला नोंदीतील प्रत्येक फाइलीची स्थिती विचारावी लागते, आणि ‘%’ दाखविण्यासाठी संपूर्ण फोल्डर धुंडाळावे लागते. लहान प्रकल्पात हे जाणवत नाही. परंतु हजारो फाइली असतील किंवा फोल्डर जोडणीवरील दुसऱ्या संगणकावर असेल, तर प्रत्येक ‘एंटर’ नंतर थांबावे लागते. यासाठी विशिष्ट भांडारापुरती ही तपासणी बंद ठेवण्याची सोय आहे. गिटच्या २.३७ या २०२२ मधील आवृत्तीत विंडोज व मॅकओएससाठी फाइलींतील बदलांवर सतत लक्ष ठेवणारी अंगभूत यंत्रणाही आली असून तिच्यामुळे अशी तपासणी जलद होते.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा असून महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. वापरकर्त्याने काहीही लिहिण्यापूर्वी असा प्रॉम्प्ट त्याच्या नावे आणि त्याच्या अधिकाराने गिटच्या आज्ञा चालवीत असतो. केवळ एखाद्या फोल्डरमध्ये प्रवेश करणे ही देखील त्यामुळे एक कृती ठरते. १.९.३ पूर्वीच्या गिटमधील प्रॉम्प्ट-लिपी विशिष्ट मांडणीत शाखेचे नाव जसेच्या तसे ‘पीएस१’ मध्ये भरीत असे. नावातच आज्ञा दडविलेली असल्यास शेल ती पार पाडीत असे. हा दोष २०१४ मध्ये दूर करण्यात आला. दुसरा दोष एप्रिल २०२२ मध्ये उघड झाला. सामाईक संगणकावर कोणीही ‘सी:\’ च्या मुळाशी गिटचा उपफोल्डर तयार करून त्याच्या मांडणीत घातक आज्ञा लिहून ठेवू शकत असे. दुसऱ्या वापरकर्त्याच्या प्रॉम्प्टने त्या ड्राइव्हवर कोठेही स्थिती विचारताच ती आज्ञा त्या वापरकर्त्याच्या अधिकाराने चालण्याचा धोका होता. पॉश-गिट वापरणारे तसेच बॅशमध्ये ‘*’ चिन्ह मागविणारे वापरकर्ते या धोक्याच्या कक्षेत येत होते. २.३५.२ या आवृत्तीपासून गिट फोल्डरचा मालक तपासते आणि मालक वेगळा असल्यास, तो फोल्डर ‘सेफ डिरेक्टरी’ म्हणून स्वतः नोंदविल्याखेरीज काम करण्यास नकार देते. या नकाराला कंटाळून सर्वच फोल्डर सुरक्षित म्हणून घोषित करण्याचा मार्ग काही ठिकाणी सुचविला जातो. सामाईक प्रयोगशाळेत तो अवलंबू नये.

मराठी फाइलनामांच्या संदर्भात एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. प्रॉम्प्टमध्ये ‘*’ दिसल्यावर कोणती फाइल बदलली, हे पाहण्यासाठी ‘गिट स्टेटस’ द्यावे लागते. तेथे देवनागरी नावांच्या जागी आकड्यांची रांग दिसते. याचे कारण असे की, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक वर्णचिन्ह तीन बाइटांत साठविले जाते आणि गिट अशा बाइटांना मूलतः अष्टमान आकड्यांत छापते. ‘क’ हे अक्षर ३४०, २४४, २२५ असे तीन आकडे बनून येते. फाइल बिघडलेली नसते. ‘कोअर’ विभागातील ‘कोटपाथ’ हा पर्याय बंद केला की नावे देवनागरीत वाचता येतात.

८. निष्कर्ष :

१) प्रॉम्प्टचा विकास ‘यंत्र तयार आहे’ या सूचनेपासून ‘आज्ञेचा परिणाम कशावर होईल’ या सूचनेकडे झाला आहे. आवृत्ती-नियंत्रणाची स्थिती दाखविणे हा त्याच विकासाचा पुढील टप्पा होय.
२) गिटमधील चालू शाखा व न नोंदविलेले बदल या दृष्टीआड राहणाऱ्या अवस्था आहेत. त्यांच्याविषयीच्या चुका स्मरणशक्तीवर भार टाकून टळत नाहीत. स्थिती नजरेसमोर आणूनच त्या कमी करता येतात.
३) सर्व चिन्हे एकदम मागविण्याची आवश्यकता नाही. शाखेचे नाव आणि ‘*’ व ‘+’ ही दोन चिन्हे एवढ्यावर प्रारंभ करणे श्रेयस्कर ठरते.
४) प्रॉम्प्ट ही सावधगिरीची सूचना आहे, हमी नव्हे. दूरस्थ भांडाराविषयी तो जे सांगतो, ते शेवटच्या फेचच्या वेळचे असते.
५) सामाईक संगणकांवर अद्ययावत गिट असल्याची खात्री केल्याखेरीज स्थितिदर्शक प्रॉम्प्ट बसवू नये.

९. समारोप :

वर उल्लेखिलेल्या प्रसंगानंतर त्या संगणकावर गिट अद्ययावत करून शाखेचे नाव व बदलांची चिन्हे दाखविणारा प्रॉम्प्ट बसविण्यात आला. त्यासाठी ‘बॅशआरसी’ मध्ये मोजक्याच ओळी लिहाव्या लागल्या. पुढे एकदा त्याच विद्यार्थिनींपैकी एकीने प्रस्तुत लेखकाला आज्ञा लिहिताना मध्येच थांबविले व कंसातील तारांकनाकडे बोट दाखविले. त्या आज्ञेने पुन्हा काही नोंदी गेल्या असत्या. शब्दसूचीचे काम कोणत्या अवस्थेत आहे, हे तोवर केवळ एकाच्या ध्यानात असे. आता ते पडद्यासमोर बसणाऱ्या कोणालाही वाचता येत होते. ज्ञान एकाच्या स्मरणातून सर्वांच्या दृष्टीसमोर यावे, ही अध्यापनाचीच अपेक्षा असते. प्रॉम्प्टमधील तीन-चार चिन्हे ती अपेक्षा आपल्या परीने पूर्ण करतात, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.